साखरेला हात लावायचा नाही

१२ जानेवारी १९५९, सोमवार

ही नवी वही घरी राहील. लॅबच्या नोंदवहीत फक्त आकडे असतात. ज्याला तिथे रकाना नाही ते इथे लिहीन.

आज डॉ. शामसुंदर लॅबमध्ये आले आणि उभ्यानेच म्हणाले, "मिस सगुणा, एका पेशंटच्या रक्तातली साखर दिवसातून चार वेळा मोजून द्याल?"

सगळ्या रुग्णालयाच्या मिळून माझ्याकडे दिवसाला अशा चार तपासण्या होतात. किती दिवस, असं मी विचारलं.

"तो वाचेपर्यंत."

हे मोजमाप नव्हे. मी कागदावर 'दहा दिवस' असं लिहिलं. मोठ्या सर्जननीही या तपासणीला तेवढीच मुदत दिली आहे, हे नंतर कळलं.

पेशंटचं नाव आप्पाजी. वय बावन्न. या कानडी शहरातल्या शिवाजीनगरात लष्कराचे गणवेश शिवतात. पाठीवर तळहाताएवढी काळपुळी, काल कापून साफ केली. ताप, ग्लानी. रक्तातली साखर ४१२. निरोगी माणसाची उपाशीपोटी शंभराच्या आत-बाहेर असते. एरवी लघवी निळ्या द्रावणात उकळतात आणि साखर वाढेल तसा हिरवा, पिवळा, विटकरी, जो रंग येईल त्यावर इन्सुलिन ठरवतात. पण यांची मूत्रपिंडं थकली आहेत. रंग खरं बोलेल याची खात्री नाही. म्हणून डॉक्टरांना रक्ताचाच आकडा हवा, आणि त्यावर बेतलेले लहान लहान डोस.

मोठे सर्जन म्हणाले, "साखर थोडी जास्त राहिली तर बिघडत नाही. खाली घसरली तर माणूस तासाभरात जातो."

डॉ. शामसुंदर म्हणाले, "जास्त राहिली तर जखम भरत नाही, सर. मग तो आठवड्यात जातो."

दोघांचंही बरोबर आहे. मधे फक्त माझा आकडा आहे.

१३ जानेवारी, मंगळवार

वेळा ठरवल्या: सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी पाच. त्यानंतर नाही, कारण कलरिमीटरमध्ये दोन निळे रंग डोळ्यांनी जुळवावे लागतात आणि दिव्याच्या उजेडात मी माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही. मापाचा उजेड म्हणजे उत्तरेच्या खिडकीचा.

बोटाला सुई मीच टोचते, दुसऱ्या कोणावर सोपवत नाही. शिंप्याची बोटं: उजव्या मधल्या बोटाला अंगुस्तानाचा घट्टा, डाव्या तर्जनीवर सुईची टोचणी. अनामिका तेवढी मऊ. सहाला आणि दोनला उजवी, दहाला आणि पाचला डावी. आधी स्पिरिटचा बोळा, मग सुई, मग एक दशांश सीसी रक्त.

आजचे आकडे २८६, २६२, २४०, २३१. उतरते आहेत.

आप्पाजींच्या पत्नी गोजराबाई खाटेशी बसून असतात. त्यांच्या पिशवीत साखरेची पुडी दिसली. उद्या संक्रांत, इथले लोक तिळाबरोबर साच्यात ओतलेल्या साखरेच्या चित्रांची ताटं घेऊन वॉर्डात शिरणार हे ठाऊक होतं. म्हणून स्पष्ट सांगितलं, "गोजराबाई, साखरेला हात लावायचा नाही."

"यांनी?"

"यांनीच. दुसरं कोण आजारी आहे?"

"नाही अक्का, माझं स्वल्प व्रत आहे, त्यासाठी..."

"व्रत तुम्ही करा. साखर यांच्यापासून लांब."

त्यांनी पिशवीचं तोंड आवळलं. मग विचारलं, "म्हणजे हात पण नाही?"

"हात पण नाही."

"सरी, अक्का," म्हणत त्यांनी होकाराची मान हलवली.

निरर्थक प्रश्न. पण लोकांना एकच गोष्ट दोनदा सांगावी लागते.

१४ जानेवारी, बुधवार

सकाळी सहाचा आकडा ३१८.

काल संध्याकाळी २३१ असताना. नमुना दोन भागांत केला होता, दोन्ही सारखे. तिळगूळ दिला असणार असं धरून सरळ वॉर्डात गेले. गोजराबाईंना विचारलं, काय भरवलंत?

"अय्यो, काही नाही! यांच्या गळ्याची शपथ. पाणी पण नर्सअम्मा देते तेच."

"मग साखर कुठून आली?"

"तुम्ही शिकलेल्या. मला काय विचारता?"

समोरच्या खाटेवरची माणसं ऐकत होती. गोजराबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मी आवाज चढवला नव्हता, तरी यल्लव्वा, आमच्या वॉर्डची आया, नंतर जिन्यात म्हणाली, "बाई, संक्रांत आहे. आजच्या दिवशी तरी गोड बोलायचं की! ते पण मोजून देता का?"

पुढचे आकडे २१४, २०५, १९८. मग सकाळीच काय झालं?

१६ जानेवारी, शुक्रवार

काल सकाळी ३२६, आज ३२९. दुपारनंतर दोनशेच्या खाली. आलेखाच्या कागदावर रेघ करवतीसारखी दिसते: रोज सकाळी एक दात.

डॉ. शामसुंदर यांनी तो आलेख खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिला. त्यांचं म्हणणं, रात्री उपाशी शरीरात यकृत साखर सोडत असावं, आणि जंतूंच्या विषामुळे जास्तच. मलाही पटतं. रात्रीचे आकडे नाहीत, त्यामुळे ते खोडायलाही काही नाही. "मिस सगुणा, हे कोणी इतक्या बारकाईने मोजलेलं नसेल. आपण दोघांनी मिळून लिहायला हवं," ते म्हणाले. सकाळचं इन्सुलिन चोवीस युनिटवरून बत्तीस केलं.

एक गोष्ट बसत नाही. सकाळी रबरी नळीतून घेतलेल्या लघवीचा रंग फक्त हिरवा आला. ३२९ ला विटकरी यायला हवा. मूत्रपिंडं थकलेली आहेत, म्हणून असेल. तसं नोंदवलं.

खाटेजवळच्या कपाटावर ग्लुकोजच्या पावडरीचा डबा दिसला. शिंपीआळीतल्या कोणी मोसंब्यांबरोबर आणून दिला म्हणे. "हा यांना पाजता का?" गोजराबाई म्हणाल्या, "छे! पाजायचं नाही हे मला कळतं." डबा अर्ध्याहून कमी होता. त्या स्वतः पीत असाव्यात. चार दिवस नीट जेवलेल्या दिसत नाहीत. डबा होता तिथेच राहू दिला.

१७ जानेवारी, शनिवार

सकाळी ३३१.

खाटेवर मुंग्या. मधुमेह्याच्या लघवीला मुंग्या लागतात हे जुन्या वैद्यांनाही माहीत होतं, त्यामुळे नवल नाही. यल्लव्वाला सांगून खाटेचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेववले. मुंग्या लघवीच्या बाटलीकडे नव्हत्या, लोंबत्या चादरीवरून उजव्या मनगटाकडे चालल्या होत्या. त्यांची वाट चुकली असेल.

यल्लव्वा म्हणाली, "रोज आठला मी यांना कोमट पाण्याने अंग पुसून स्वच्छ करते बाई. मुंग्या माझ्यामुळे नाहीत."

तिला कोणी दोष दिलेला नव्हता.

जखम मात्र सुधारते आहे. कडेला लाल मांस दिसतं. आज आप्पाजींनी डोळे उघडून माझ्या कोटाची बाही चिमटीत धरली आणि म्हणाले, "ही शिलाई कोणी घातली? उसवणार." मग पुन्हा ग्लानी. बाही तपासली. खरंच उसवते आहे.

१८ जानेवारी, रविवार

सहाचा नमुना घेऊन (३३५) घरी आले. चंद्राबाई मावशी अवरेकाई, म्हणजे इथले पावटे, सोलत बसली होती. मावशीचं घराणं चार पिढ्या इथलं, मी निपाणीची. तिच्या मराठीत निम्मं कानडी आणि माझ्यात, तिच्या मते, निम्मं इंग्रजी पुस्तक.

"रविवारी पण रक्त काढायला जातेस होय ग? डाक्टर पण येतो काय?"

"येतात. आकडा घ्यायला."

"चिठ्ठी पाठवली तर चालत नाही?"

"चालतं. पण ते स्वतः येतात. वेळ जातो त्यांचा."

मावशी हसली आणि टोपली माझ्याकडे सरकवली. कशाला हसली ते विचारलं नाही. दाण्यांची वरची साल चिमटीत दाबून काढताना मनात करवतीचे दात मोजत होते. पाच.

२० जानेवारी, मंगळवार

जसं झालं तसं लिहिते.

सहाला ३३८. सव्वासातला चिठ्ठी पाठवली. बत्तीस पुरत नाहीत म्हणून साडेसातला चाळीस युनिट दिली. नऊच्या सुमारास यल्लव्वा धावत लॅबमध्ये आली: "बाई, यांचं अंग बर्फासारखं, चादर भिजली घामाने!" मी सुई आणि नळी घेऊन गेले. हात झटके देत होते. डॉ. शामसुंदर शिरेत ग्लुकोज द्यायला धावले. त्याआधी मी दंडाच्या शिरेतून नमुना घेतला. त्यांनी मला ढकलून बाजूला केलं नाही, दहा सेकंद दिले. पन्नास सीसी आत गेल्यावर झटके थांबले. अर्ध्या तासाने आप्पाजींनी डोळे उघडले.

तो नमुना: ४१.

३३८ वरून ४१, इन्सुलिननंतर दीड तासात. हे शक्य नाही. चाळीस युनिटनी इतकं होत नाही.

मोठे सर्जन वॉर्डातच होते. सगळ्यांसमोर बोलले. "तुमच्या यकृताच्या कथेपायी हा माणूस आज गेला असता. लॅबचे आकडे चुकीचे आहेत. आजपासून रक्त तपासणं बंद. लघवीच्या रंगावर चालू द्या, आणि विटकरी आल्याशिवाय इन्सुलिन नको."

"सर, ४१ तर बरोबर निघाला," मी म्हणाले.

"घामावरून ते मलाही कळत होतं, मिस."

गोजराबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. माझ्याकडे पाहत होत्या. मी नजर दुसरीकडे वळवली.

२१ जानेवारी, बुधवार

सगळं तपासलं. तांब्याचं द्रावण ताजं केलं. पिपेट आम्लात धुऊन, पारा भरून पुन्हा मोजले. डिस्टिल्ड पाणी निर्दोष. प्रमाण द्रावण नवं वजन करून बनवलं, जुन्याशी तंतोतंत जुळलं. स्वतःचं रक्त तपासलं: ९२. यल्लव्वाचं: ८८. ("बघा, माझ्यात गोडी कमीच," ती म्हणाली.)

चूक नाही. मला चूक सापडायला हवी होती. सापडली नाही, म्हणून पहिल्यांदाच भीती वाटली.

वॉर्डात इन्सुलिन जवळजवळ थांबलं आहे. लघवीचा रंग पिवळसर, म्हणजे नियमाप्रमाणे काही द्यायचं नाही. आज पट्टी बदलताना जखमेच्या कडा पुन्हा करड्या दिसल्या. ताप एकशे दोन.

डॉ. शामसुंदर लॅबमध्ये आले. आकडा नव्हताच, तरी आले. मी सांगितलं, उद्या सकाळी सहाला बोटाचं आणि शिरेचं रक्त एकाच वेळी घेऊन ताडून पाहायचं आहे. बंदी आहे, म्हणून लेखी परवानगी हवी. त्यांनी खिशातून पेन काढून सही केली.

"याचा त्रास तुम्हाला होईल," मी म्हणाले.

"होऊ दे. तुमचा आकडा चुकत नाही."

"हा पुरावा नाही."

"नाही," ते म्हणाले.

२२ जानेवारी, गुरुवार

सापडलं.

तयारीला वेळ हवा म्हणून पावणेसहालाच वॉर्डात पोचले. गोजराबाई खाटेशी वाकून उभ्या होत्या. एका हातात रवा घातलेली पितळेची वाटी. दुसऱ्या हाताने त्यांनी आप्पाजींचा उजवा हात धरून वाटीत घातला होता, बोटं रव्यात फिरवत होत्या, आणि ओठातल्या ओठात काही म्हणत होत्या. रव्यात काहीतरी पांढरंशुभ्र मिसळलेलं होतं.

मी विचारलं, "हे काय?"

त्या दचकल्या. "व्रत आहे माझं, अक्का. एकवीस सकाळी यांच्या हाताने मुंग्यांना घालायचं. अंगणातल्या झाडाखाली वारूळ आहे. यांना चालता येत नाही म्हणून हात लावून घेते आणि मी नेऊन घालते."

"यात साखर आहे?"

"नाही!" त्यांचा आवाज ठाम होता. "तुम्ही म्हणालात ना, साखरेला हात लावायचा नाही? हात पण नाही. मी त्याच दिवशी पुडी घरी पाठवली. दुसऱ्या दिवसापासून हे ग्लुकोज घालते. हे औषधातलं आहे. डाक्टर पण बाटलीतून देतात."

मी खाटेची कड धरली. एवढंच बाहेर दिसलं असेल.

साखर राहिली असती तर काही बिघडलं नसतं. उसाची साखर माझ्या तांब्याच्या द्रावणाचा रंग बदलत नाही. ग्लुकोज बदलतं, ते द्रावण त्याच्याचसाठी आहे. आणि ग्लुकोज स्पिरिटात विरघळत नाही म्हणण्याइतकं कमी विरघळतं. मी रोज सकाळी बोट पुसत होते, धूत नव्हते. एक दशांश सीसी रक्तात, शंभर सीसीला दोनशे मिलिग्रॅमच्या हिशेबाने, साखर असते ती एक पंचमांश मिलिग्रॅम. तेवढी कणी बोटाच्या सुरकुतीत सहज मावते. आठला यल्लव्वा अंग पुसते, म्हणून दहानंतरचे आकडे खरे. मुंग्यांची वाट चुकली नव्हती. लघवीचा हिरवाही खोटा नव्हता.

पुडीऐवजी डबा आला तो माझ्या वाक्यामुळे. पहिला दात संक्रांतीच्या सकाळचा. वाक्य त्याच्या आदल्या दिवसाचं.

गोजराबाई माझ्या चेहऱ्याकडे पाहत म्हणाल्या, "माझ्यामुळे काही झालं काय, अक्का? परवा हात असे उडत होते..."

खरं उत्तर लांब होतं. तेवढ्यात देता आलं ते असं: "तुम्ही मी सांगितलं तेच केलंत. आज पण पूर्ण करा. मग मला यांचा हात द्या."

तीन नमुने घेतले. उजवी अनामिका, नेहमीसारखी स्पिरिटने पुसून: ३९१. डावी, साबण आणि कोमट पाण्याने धुऊन: २५२. शीर: २४७.

लॅबमध्ये आल्यावर स्वतःचं बोट त्या डब्यातल्या पावडरीत बुडवलं, झटकलं, स्पिरिटने पुसलं, टोचलं. माझ्या रक्तातली साखर ४०२ आली. बोट धुतल्यावर ९०.

२३ जानेवारी, शुक्रवार

मोठ्या सर्जनच्या खोलीत डॉ. शामसुंदर आणि मी. पाच आकडे एका कागदावर ठेवले. त्यांनी दोनदा वाचले.

"म्हणजे चूक त्या बाईची."

"नाही सर. पूड तिची, पण स्पिरिट माझं. साखरेऐवजी ग्लुकोज आणायला लावणारं वाक्यही माझं. अहवालात तसं लिहिलं आहे. यकृताबद्दल जे लिहिलं होतं ते खोडलं आहे."

"तुम्हाला कळतंय ना, हे तुमच्या सेवापुस्तकात लागेल?"

"हो, सर."

डॉ. शामसुंदर काही बोलू लागले. मी त्यांच्याकडे पाहिलं, ते थांबले. मग मी शिरेच्या आकड्यावर बोट ठेवलं. "सर, कालची खरी साखर २४७ आहे. सोमवारी संध्याकाळी, बंदीच्या आधी, ती कितीतरी खाली होती. लघवी अजून पिवळीच दाखवते, म्हणून वॉर्डात इन्सुलिन नाही, आणि जखम पुन्हा करडी पडते आहे. माझी चूक सापडली म्हणून माणूस बरा होत नाही. तपासणी आजच सुरू करायला हवी."

त्यांनी कागद पुन्हा स्वतःकडे ओढला. मग म्हणाले, "करा सुरू. सकाळचा डोस आधीच्या निम्मा. आणि मिस, यापुढे त्यांनीही हात धुवावेत आणि तुम्हीही."

हे रागावून होतं की नाही ते कळलं नाही. जिन्यात डॉ. शामसुंदर हसत होते.

गोजराबाईंना खाली अंगणात नेऊन सगळं सांगितलं, लांब उत्तरासकट. त्यांनी वारुळाकडे पाहिलं. "म्हणजे माझ्या व्रताने हे मरत होते."

"माझ्या आकड्याने. आकडा ग्लुकोजचाच होता, पण रक्तातल्या नव्हे, बोटावरच्या."

"आता व्रत सोडू काय? नऊच सकाळी राहिल्यात."

सोडा म्हणणं सोपं होतं. तोंडावर आलंही होतं. पण मागच्या वेळी सोपं वाक्य बोलले होते. "सोडू नका," मी म्हणाले. "मी पावणेसहाला येईन. आधी बोट धुऊन सुई. मग तुमची वाटी. मग पुन्हा हात धुवायचा. हा क्रम बदलायचा नाही."

त्यांनी क्रम म्हणून दाखवला. मी पुन्हा म्हणायला लावला. त्यांनी पुन्हा म्हटला. यल्लव्वाने तिसऱ्यांदा म्हटला, तिला कोणी विचारलं नसताना.

२७ जानेवारी, मंगळवार

१६२, १५५, १४९, १५१. सकाळचा दात गेला. जखम लाल. ताप नाही. आलेख आता दिसायला कंटाळवाणा आहे.

१ फेब्रुवारी, रविवार

एकविसावी सकाळ. पावणेसहाला पोचले तेव्हा आप्पाजी खाटेवर बसलेले होते, हात साबणाने धुऊन, अनामिका पुढे करून. "टोचा, अक्का. मग मला खाली जायचंय."

आकडा नंतर १३८ आला.

यल्लव्वाने एक दंड धरला, मी दुसरा. अठरा पायऱ्या, दोनदा थांबून. डॉ. शामसुंदर जिन्याच्या तळाशी उभे होते; रविवारी सहाला त्यांचं तिथे काय काम होतं कोण जाणे. अंगणात धुकं होतं. झाडाखालचं वारूळ इतक्या दिवसांत चांगलं गुबगुबीत झालं आहे.

गोजराबाईंनी आज पुडी आणली होती, नेहमीची, वाण्याकडची. वाटीत ओतण्याआधी थांबून माझ्याकडे पाहिलं. "शेवटचा दिवस आहे, म्हणून साखर आणली. यांनी हात लावला तर चालेल काय?"

"हात लावू देत," मी म्हणाले. "खायची नाही."

आप्पाजींनी मूठ भरली आणि वारुळाभोवती गोल घातलं, कापडावर खडूने मापाची रेघ ओढावी तसं, कुठेही न तुटता. गोजराबाई ओठातल्या ओठात म्हणत होत्या.

हात लावू देत, खायची नाही. मोजून पाच शब्द. तेरा तारखेला मला तेवढेच बोलायचे होते.